ताई, तुम्ही तिला काहीच शिकवलं नाही

ताई, तुमच्या तेरवीला जुई पानावर बसली, पण टिकली नाही. मी तिला बसवणारच नव्हते. तुमचा भाऊ म्हणाला, "आत्याच्या तेरवीले पोरगी दिसली पायजे." दिसली. वाढणाऱ्याने बुंदीचा झारा भांड्यावर आपटला आणि ती कानांवर हात दाबून उठली, मागच्या अंगणात नळाजवळच्या ओट्यावर जाऊन बसली. मी तिच्या मागे निघाले तेव्हा पंगतीतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "त्या पोरीले काय समजते माय? आत्या असो का नसो, तिले सारखंच."

तुम्ही असता तर अख्खी पंगत ऐकेल असं काहीतरी बोलला असता. मी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि पुढे गेले. माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. अजूनही नाही.

पाहुणे पांगले. तुमचा भाऊ चंद्रपूरला ड्युटीवर परत गेला. मी आणि जुई अजून अकोल्यातच आहोत, तुमच्या या दोन खोल्यांत. घर आवरायचं आहे म्हणून मी लॅबमधून रजा वाढवून घेतली, असं सगळ्यांना सांगितलंय. खरं म्हणजे जुई इथून निघायला तयार नाही. दोनदा बॅग भरली, दोनदा तिने ती उपसली. मग मीही सोडून दिलं. ती आत्ता खिडकीत बसलीय आणि मी तुमच्याशी बोलतेय, कारण दिवसभरात माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नाही.

तुम्ही अमरावतीला आमच्याकडे आलात तेव्हा जुई नऊ वर्षांची होती. शाळेने नुकतंच आम्हाला बोलावून सांगितलं होतं की एवढ्या पोरांत हिला सांभाळणं होत नाही. डॉक्टरांनी त्याच्या कितीतरी आधी सांगितलं होतं, ऑटिझम आहे, स्वमग्नता. मला शब्द पाठ झाला होता, बाकी काही समजलं नव्हतं. सकाळी लोक उपाशीपोटी रक्त द्यायला यायचे तेव्हा मी लॅबमध्ये हजर पाहिजे, आणि जुईला ठेवायचं कोणाजवळ? तुम्ही तेव्हाच रिटायर झाल्या होत्या. फोनवर म्हणालात, "मी येतो. तू ड्युटीले जात जाय."

मला किती बरं वाटलं होतं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही म्हणजे साऱ्या नोकरीभर पहिलीची पोरं घडवलेली बाई. मनात म्हटलं, आता घरातच मास्तरीण आली. जुईला अक्षरं येतील, निदान चार शब्द बोलेल. मी बाजारातून चित्रांची कार्डं आणून ठेवली. आंबा, बदक, चमचा, घर.

पहिल्याच सकाळी तुम्ही ती कार्डं हातात घेतलीत आणि शाळेतल्या आवाजात म्हणालात, "जुई, इकडे बघ. हे काय आहे?" शाळेत तुम्ही असंच शुद्ध बोलत असाल. घरी तुमच्या तोंडून तसं ऐकायची सवय नव्हती, मलाच हसू आलं. जुईने बदकाकडे पाहिलं नाही. तुमच्या मनगटाला चावली. दात उमटले. मी घाबरून हळद आणायला धावले, तर तुम्ही नळाखाली हात धरून शांतपणे म्हणालात, "बरोबर हाय तिचं. मले बी कोणी सकाळी सकाळी असं दटावलं असतं तं मी बी चावली असती."

ती कार्डं तुम्ही कपाटावर टाकलीत. पुन्हा खाली काढली नाहीत. मला वाटलं, चार दिवस जाऊ देऊन काढाल. मग वाटलं, महिन्याभराने काढाल.

त्या दिवसांत जुईला एकच करायचं असे. ज्वारीचा डबा उघडायचा, ओंजळ भरायची आणि उंचावरून परातीत सोडायची. तासन् तास. मी डबा लपवायचे. तुम्ही तो काढून तिच्यासमोर ठेवलात. आणि तुम्ही स्वतः दुसरी परात घेऊन तिच्याकडे पाठ करून बसलात आणि तेच करायला लागलात. मी जेवणाचा डबा घेऊन लॅबला निघताना तुम्ही बसलेल्या असायच्या, दुपारी परत आले तरी बसलेल्या. मी एकदा विचारलंच, "ताई, पाठ कशाला करता?"

"समोरून गेलं तं उठून जाते. बाजूनं गेलं तं सरकते. मंग म्या पाठ केली. आता बसते."

"पण शिकवायचं कधी?"

"सारी जिंदगी शिकवलं म्या. आता कोणाले काई शिकवाचं नाई. तिच्यासंगं बसाले आली मी."

मला राग आला होता. घरभर ज्वारी. गादीखाली ज्वारी, चपलेत ज्वारी, वॉशिंग मशीनच्या जाळीत ज्वारी. मी लॅबमधून थकून यायचे आणि झाडू हातात घ्यायचे. तुम्हाला म्हटलं, उंदरं होतील. तुम्ही म्हणालात, "ते बी जगतीन."

मग एक दिवस, मी झाडत असतानाच, तुम्ही स्वयंपाकघरातून म्हणालात, "वंदना, आज टेकली." मला कळेना काय. "पाठ टेकली माह्या पाठीले. बराच वेळ." तुम्ही कणीक मळत होत्या, मान वर केली नाहीत. मी 'अरे वा' म्हटलं. आणि आतल्या खोलीत जाऊन उगाच कपाट उघडून उभी राहिले. जुई माझ्या पोटची. तिला आंघोळ मी घालते, नखं मी कापते, तापात उशाशी मी बसते, पण ती आपणहून मला कधी टेकली नव्हती.

तुम्हाला ते समजलं असावं. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर तुम्ही दारातच म्हणालात, "जा, झोप." मी म्हटलं, दुपारी? तुम्ही मला अक्षरशः खोलीत लोटलंत आणि बाहेरून दार ओढून घेतलंत. जुई झाल्यापासून मी दुपारची झोपले नव्हते, ताई. झोपले. उठले तेव्हा पंखा फिरत होता, बाहेर परातीत ज्वारी पडत होती आणि मला क्षणभर आठवेना की मी कोण, कुठे आहे. त्यानंतर जवळजवळ रोज तुम्ही मला ती झोप दिलीत. बाकी लोकांनी सल्ले दिले, औषधं सांगितली, कुठल्या कुठल्या देवस्थानांचे पत्ते दिले. झोप कोणी दिली नाही.

नंतर तुम्ही शनिवारी तिला एसटीने अकोल्याला आणायला लागलात. मी रविवारी घ्यायला यायचे. पहिला शनिवार मला जन्मभर पुरेल. मी एका लहान पोराच्या हातातली शीर शोधत होते आणि फोन वाजला. "आमी मूर्तिजापूरले उतरलो. कायजी करू नको. स्टँडवर बसलो हाओत." मागे जुईच्या ओरडण्याचा आवाज. मी तशीच निघाले. गाडीत बसून किती नावं घेतली देवाची, आणि तुम्हाला किती शिव्या घातल्या मनातल्या मनात.

स्टँडवर पोचले तर सिमेंटच्या बाकड्याभोवती माणसं जमलेली. जुई तुमच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी, डोळ्यांवर तुमचा पदर. तुमचा अंबाडा सुटलेला, गालावर नखाचा लांब ओरखडा. तुम्ही जमलेल्या लोकांना म्हणत होत्या, "पाहून झालं? आता आपापली गाडी पाहा." नंतर कळलं, ड्रायव्हरने कर्कश हॉर्न पुन्हा पुन्हा वाजवला, जुई खिडकीवर डोकं आपटायला लागली, मागून कोणी ओरडलं, "बाई, उतरवा तिले, डोकं उठवलं!" आणि तुम्ही म्हणालात, "उतरतो. पण तुह्यासाठी नाई, तिच्यासाठी."

मी तिथेच तुमच्यावर तुटून पडले. म्हटलं, पुरे झालं ताई, पुन्हा न्यायचं नाही. तुम्ही पदर सरकवून जुई झोपली का पाहिलंत. मग हळूच म्हणालात, "मूर्तिजापूरपावतर तं आली ना पोट्टी. पुढच्या शनवारी पुढं जाऊ."

आणि गेलात. त्यानंतर तुम्ही दर वेळी मूर्तिजापूरला मुद्दाम उतरायच्या, बाकड्यावर बसायच्या, तिची तयारी दिसली की पुढची गाडी धरायच्या. दोन तासांच्या प्रवासाला अर्धा दिवस. मी म्हणायचे, एवढा वेळ कोणाजवळ असतो? तुम्ही म्हणायच्या, "माह्याजवळ हाय ना."

आता आपल्या भांडणाचं. ते मिटलं नाही, म्हणून ते बोलते.

डॉक्टरांनी मागच्या महिन्यात सांगितलं होतं की जुई आता बारा वर्षांची होतेय, तिला चित्रांवर बोट ठेवून सांगायला शिकवा. भूक, पाणी, दुखतंय, नको. क्लासला न्या आणि घरी रोज सराव घ्या. क्लासला मी न्यायचे. सराव तुमच्यावर होता. तुम्ही घेत नव्हत्या. मी विचारलं तर म्हणालात, "काहून घेऊ? ते सांगून राहिली मले. पाणी पायजे असन तं ग्लास उलटा ठेवते. बाहीर जायचं असन तं माही चप्पल आणते. पोट दुखलं तं माहा हात नेते पोटावर. अजून काय सांगाचं राह्यलं?"

"तुम्हाला सांगते ना, ताई. फक्त तुम्हाला. उद्या तुम्ही गेल्यावर कोणाला सांगणार?"

तुम्ही अंबाडीची पानं खुडत होत्या. खुडत राहिलात. मला वाटलं, आता बोलाल काहीतरी झोंबणारं. तुम्ही काड्या गोळा केल्यात, पानं पाण्यात टाकलीत आणि म्हणालात, "पाहू."

तेवढंच. त्याच्या पुढच्याच रविवारी तुम्ही पडलात.

त्या सकाळी इथे अकोल्याच्या घरात तुम्ही आणि जुई दोघीच होत्या. काय झालं ते मला पलीकडच्या शबानाभाभींकडून कळलं. त्यांनी ते इतक्यांदा सांगितलंय की मला तोंडपाठ झालंय. "मैं तो रोटी सेक रही थी, वंदनाभाभी. पीछे से आके मेरा हात पकड़ी. इसने कभी हात लगाया क्या किसी को? मैं समझी खेल रही. पर छोड़ीच नहीं. खींचते खींचते लेके गई." तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात पडल्या होत्या. जुईने भाभींचा हात आणून तुमच्या हातावर ठेवला आणि बाजूला सरकली.

त्या म्हातारीला मी हे सांगायला हवं होतं पंगतीत. असो.

दवाखान्यात मी पोचले तेव्हा तुम्ही जाग्या होत्या. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. डॉक्टर म्हणाले, "आजी, नाव सांगा तुमचं." तुम्ही तोंड उघडलंत, घशातून नुसता आवाज आला. डॉक्टर म्हणाले, बोलतं करत राहा. मी लागले कामाला. स्टुलावर बसून तुमच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणायला लागले, "ताई, बोला ना. मी कोण? वं-द-ना. म्हणा, वं-द-ना." सकाळ-संध्याकाळ तेच. तुमचा घाम निघायचा. मी रुमालाने पुसायचे आणि पुन्हा सुरू. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत आणि मान भिंतीकडे वळवलीत.

ती मान वळवणं मला ओळखीचं होतं, ताई. कार्ड समोर धरलं की जुई अगदी तशीच वळते.

मी गप्प झाले. स्टूल तोंडासमोरून काढून पायथ्याशी नेलं. तुमच्या तळपायांवर हात ठेवला. थंड होते. बराच वेळ तशीच बसले. मधे कधीतरी तुम्ही डावा पाय हलवून माझ्या हाताखाली नीट बसवलात. आपण दोघी एका घरात एवढी वर्षं राहिलो, रोज बोललो, रोज काही ना काही वाद घातला, पण इतका वेळ एकमेकींजवळ नुसत्या कधी बसलो नव्हतो.

त्या दुपारी शबानाभाभी जुईला घेऊन आल्या. लहान मुलांना आत सोडत नाहीत. सिस्टरने जुईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाच मिनिटं, मॅडम." मशीन टुकटुक वाजत होतं. मला खात्री होती की जुई ओरडणार. तिने कान दाबले, पलंगाला वळसा घातला आणि तुमच्या डाव्या बाजूला, खाली फरशीवर, पलंगाकडे पाठ करून बसली. तुमचा हात हळूहळू गादीच्या कडेवरून खाली आला. तिच्या केसांपर्यंत पोचत नव्हता. जुई थोडी वर सरकली. मग पोचला.

सिस्टर दोनदा दारात येऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

मी रडले नाही म्हणून लोकांनी नावं ठेवली असतील. जुईही रडली नाही. तुम्हाला न्यायची वेळ झाली तेव्हा तिने तुमची चप्पल आणून तुमच्या पायांशी ठेवली. तुमचा भाऊ, एवढा मोठा माणूस, तिथेच खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. चप्पल कोणीतरी उचलून बाजूला ठेवली. जुईने पुन्हा आणली. मी म्हटलं, राहू द्या.

आता इथे आमचे दिवस कसे जातात ते तुम्हाला ठाऊक हवं. ग्लास उलटा म्हणजे पाणी, ते मला समजतं. चप्पल म्हणजे बाहेर, समजतं. पण ती तुमचा चष्मा आणून माझ्या हातात देते आणि लगेच काढून घेते, पुन्हा देते, याचा अर्थ मला लागत नाही. चिडते, स्वतःच्या मनगटाला चावते. मी चष्मा घालून पाहिला, पुसून पाहिला, डबीत ठेवून पाहिला. नाही. मग मी तुमच्यावर चिडते. ते मी म्हणत होते ना, ताई? तुम्ही दोघींनी मिळून एक भाषा केलीत आणि जाताना मला चार शब्दसुद्धा सांगून गेला नाहीत. क्लास मी पुन्हा सुरू करणार आहे. रोजचा सराव घेणार आहे. माझं बरोबर होतं असं मी अजून म्हणते, आणि तुम्ही असता तर अंबाडी खुडत 'पाहू' म्हणाला असता, हेही मला माहीत आहे. पण मग भांडायला समोर माणूस तरी असतं.

परवा मी परात घेऊन तिच्याकडे पाठ करून बसले. तुमच्यासारखी. ज्वारी सोडली वरून. ती उठली आणि दुसऱ्या खोलीत गेली. मला लागलं ते. पण वाजवी आहे. तो तुमचा आणि तिचा खेळ होता, माझ्या हातून तो तिला उष्टा वाटला असणार. परात उचलून ठेवली. आता तो खेळ मी खेळणार नाही.

काल सगळ्या चादरी धुवायला काढल्या. तुमच्या पलंगावरची ती मोठी हिरवी चादर पिळवेना मला एकटीला. पाणी ठिबकत होतं तशीच अंगणातल्या दोरीवर टाकली. अकराचंच ऊन, पण अकोल्याचं. फरशी पोळत होती. मी चादरीच्या सावलीत उभी राहिले, कारण आत जायचाही कंटाळा आला होता. काही वेळाने चादर पलीकडून हलली. वारा नव्हता. ओल्या कापडातून एक कपाळ, एक नाक माझ्या बाजूला आलं. जुई तोंड दाबून उभी होती, गारव्यासाठी असेल. मी 'जुई' असंसुद्धा म्हटलं नाही. हात वर केला आणि तळवा चादरीला लावला, तिच्या कपाळाच्या जरा बाजूला. टेकवला नाही तिला.

ती गेली नाही. कपाळ हळूहळू सरकत आलं आणि माझ्या तळव्यावर येऊन थांबलं. मधे फक्त ओलं कापड. तिचा श्वास लागत होता हाताला, गरम. माझा हात भरून आला तरी मी हलवला नाही. मग मला रडू आलं, ताई. तुमच्यासाठी, इतक्या दिवसांचं. आवाज न करता रडले.

या उन्हात कापड वाळायला किती वेळ लागतो? चादर कोरडी झाली तशी जुई मागे झाली, आणि तिने चादरीचं टोक धरून एकदा ओढलं. मी चादर दोरीवरून काढली, बादलीत बुडवली आणि न पिळता पुन्हा वर टाकली.